वायरलेस कंट्रोलर लावताय? आधी घड्याळ बघा

बेळगावात उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीचं नेटवर्क मी बघतो. मागच्या वळवात रात्री लाइट गेली, यूपीएसनंही मान टाकली आणि सकाळी पहिल्या शिफ्टलाच फोन आला, "ओ, एकबी स्कॅनर चालंना झालाय की!" पाठोपाठ डिस्पॅचमधून कन्नडमध्ये तेच गाऱ्हाणं, "नेट बरवल्दु." वायफाय पसरवणारे खोके म्हणजे एपी (अ‍ॅक्सेस पॉइंट), आणि त्यांना एका जागेवरून चालवणारा तो कंट्रोलर. कंट्रोलर चालू, दिवे हिरवे, पण एकही एपी त्याला जोडला जात नव्हता. दोन तास मी केबली आणि स्विच उपसत बसलो. दोष निघाला घड्याळात. कंट्रोलरची तारीख कित्येक वर्षं मागं गेली होती.

एपी आणि कंट्रोलर एकमेकांचं सर्टिफिकेट (डिजिटल ओळखपत्र) तपासूनच बोलायला लागतात. तारीख मागं गेली की चांगलं सर्टिफिकेटसुद्धा "अजून लागू झालेलं नाही" असं ठरतं आणि एपी उंबऱ्यावरच अडकतो. म्हणून खोक्यातून कंट्रोलर काढला की पहिलं काम एनटीपीचं, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळ जुळवायचं. वेळेचे दोन स्रोत द्या. लगेच देश म्हणून भारत निवडा, कारण कोणते चॅनल आणि किती पॉवर वापरायची ते त्यावर ठरतं.

मग व्हीलॅन, म्हणजे एकाच नेटवर्कचे आतून पाडलेले वेगळे कप्पे. कंट्रोलरचं व्यवस्थापन, एपी, ऑफिस, स्कॅनर आणि पाहुणे असे वेगवेगळे. एपी दुसऱ्या सबनेटमध्ये (पत्त्यांच्या वेगळ्या गटात) असतील तर त्यांना कंट्रोलरचा पत्ता डीएचसीपीच्या (यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या सेवेच्या) ४३ नंबरच्या ऑप्शनमधून कळवता येतो; तो लिहायची पद्धत कंपनीगणिक बदलते, तेवढं मॅन्युअलमध्ये बघा. एपी आणि कंट्रोलर कॅपवॅप पद्धतीनं बोलत असतील तर मधल्या फायरवॉलमध्ये यूडीपीचे ५२४६ आणि ५२४७ हे पोर्ट (ये-जा करायची दारं) उघडे हवेत. ५२४६ वरचं नियंत्रणाचं बोलणं एन्क्रिप्ट होतं, म्हणजे मधल्या कुणाला वाचता येत नाही. ५२४७ वरचा डेटा मात्र बऱ्याच ठिकाणी आपण सांगितल्याशिवाय एन्क्रिप्ट होत नाही. आमचं एक गोडाऊन मच्छेला आहे, मधली लाइन दुसऱ्याची. तिथल्या एपींना मी ते चालू केलंय. कारखान्याच्या आतल्यांना नाही, उगाच कंट्रोलरवर भार कशाला.

ऑफिससाठी एकच पासवर्ड सगळ्यांना वाटू नका. माणूस नोकरी सोडून जातो, पासवर्ड त्याच्या खिशात राहतो. डब्ल्यूपीए एंटरप्राइझ घ्या, म्हणजे प्रत्येकाची ओळख वेगळी, आणि ती तपासायला रेडियस सर्व्हर ठेवा (पोर्ट १८१२, कोण कधी जोडलं त्या हिशेबाचा १८१३). दोन सर्व्हर ठेवा. एकच असला आणि तो पडला तर नव्यानं कुणालाच आत येता येत नाही. कंपनीच्या लॅपटॉपना ईएपी-टीएलएस, म्हणजे प्रत्येक यंत्राला स्वतःचं सर्टिफिकेट. ते जमत नसेल तर पीईएपी (प्रत्येकाचं स्वतःचं नाव-पासवर्ड) चालेल, पण एका अटीवर: फोन-लॅपटॉपनं सर्व्हरचं सर्टिफिकेट तपासलंच पाहिजे. "तपासू नका" हा पर्याय निवडून मोकळे होणारे बरेच भेटतात. मग गेटबाहेर कुणी तुमच्याच नावाचं वायफाय उभं केलं, की तुमची माणसं त्याच्याशी बिनदिक्कत बोलायला लागतात.

जुन्या स्कॅनरांना हे झेपत नाही. त्यांना वेगळं नेटवर्क, लांबलचक पासवर्ड, आणि एसीएल (कुणी कुठवर जायचं याचे नियम) अशी की ते फक्त ईआरपीच्या (कारखान्याचा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) सर्व्हरपर्यंतच पोहोचतील. पाहुण्यांना फक्त इंटरनेट, तेही एकमेकांची यंत्रं दिसणार नाहीत असं. झाली वायफायची तीन नावं. मालकांना केबिनसाठी चौथं हवं होतं; प्रत्येक नावाचे बीकन ("मी इथं आहे" असे सतत जाणारे संदेश) हवेतली वेळ खातात हे चहावर समजावलं, तेव्हा पटलं.

व्यवस्थापनात उघडं बोलणारे टेलनेट आणि एचटीटीपी बंद, एन्क्रिप्ट होणारे एसएसएच आणि एचटीटीपीएस चालू. वायफायवरून कंट्रोलरमध्ये शिरायची सोय बंद. एसएनएमपी (यंत्रांवर लांबून नजर ठेवायची पद्धत) वापरायचाच असेल तर तिसरी आवृत्ती. लॉग, म्हणजे घडामोडींच्या नोंदी, बाहेरच्या सिसलॉग सर्व्हरवर. एक स्थानिक अ‍ॅडमिन खातं ठेवा आणि त्याचा पासवर्ड लखोट्यात बंद करून तिजोरीत टाका.

रेडिओची (चॅनल आणि पॉवरची) आपोआप जुळवणी चालू ठेवा, पण पॉवरला खालची आणि वरची मर्यादा घाला. आमच्याकडं लोखंडी रॅकवरून सिग्नल असा उसळतो की मोकळं सोडलं तर एपी गोंधळतात. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६, ११ सोडून दुसरा चॅनल नको.

फर्मवेअर (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर) साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी बदला. आधी कॉन्फिगरेशनची प्रत कंट्रोलरच्या बाहेर उतरवा, नव्या फर्मवेअरची फाइल एपींवर आधीच पाठवून ठेवा, म्हणजे ते फार वेळ बंद राहत नाहीत. रेडियसच्या सर्टिफिकेटची मुदत भिंतीवरच्या कालनिर्णयावरसुद्धा लिहा. मी लिहितो, पोरं हसतात.

सगळं झालं की स्वतःचा फोन पाहुण्यांच्या वायफायला जोडा आणि कंट्रोलरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाका. लॉगिनचं पान उघडलं तर परत व्हीलॅनपाशी या.