धबधब्याच्या माथ्याकडे जाणारी खडी वाट

अशा वाटेचा अंदाज किलोमीटरवरून बांधणे फसवे असते. पाहायची ती चढाईची उंची. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला आडाखा आजही उपयोगी पडतो: दर ५ किलोमीटर अंतराला एक तास आणि शिवाय दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. त्यानुसार अडीच किलोमीटर लांबीच्या आणि ४५० मीटर चढाईच्या वाटेला, विश्रांती न धरता, सव्वा तास लागतो. परतीची वेळ मात्र निघण्यापूर्वीच ठरवावी, आणि ती झाली की धबधबा हाकेच्या अंतरावर असला तरी मागे फिरावे.

चढताना बोलता बोलता वाक्य तुटू लागले, तर वेग जास्त आहे असे समजून पावले आखूड करावीत. नागमोडी वाट सोडून मधून सरळ चढू नये. तिथली माती सुटते आणि पुढच्या पावसाचे पाणी तीच घळ धरते.

खरी सावधगिरी माथ्यावर लागते. तुषारांनी भिजलेल्या कातळावर शेवाळाचा इतका पातळ थर असतो, की तो नुसता ओला दगड वाटतो. म्हणून आधी पाऊल टेकवून पाहावे आणि मगच त्यावर भार द्यावा. कड्याच्या टोकावरच्या गवताखाली दगड असेलच असे नाही, कारण खालची माती अनेकदा ढासळलेली असते. पाण्याच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, तेव्हा सोबत्यांशी हाताच्या खुणा आधीच ठरवाव्यात. कड्याच्या वरच्या अंगाचा प्रवाह घोटाभर दिसला तरी त्यात उतरू नये. पाणी एकाएकी गढूळ झाले किंवा काटक्या-पाचोळा वाहून येऊ लागला, तर वर कुठेतरी पाऊस झाला आहे असे धरून लगेच प्रवाहापासून दूर, उंचावर जावे.

उतरताना दम लागत नाही, पण मांड्या थरथरतात, कारण प्रत्येक पावलाला शरीराचा भार त्यांनाच तोलून धरावा लागतो. घसाऱ्यावरचे बारीक खडे पायाखाली छऱ्यांसारखे फिरतात. तिथे मागे रेलल्यास टाच हमखास सुटते. गुडघे किंचित वाकवून भार पावलांवरच ठेवावा, आणि कातळाची उंच पायरी आली तर संकोच न करता उताराकडे पाठ करून, हातांचा आधार घेत उतरावे. बुटाच्या नाड्या मात्र त्याआधी माथ्यावरच घट्ट कराव्यात. सैल बुटात पाऊल पुढे सरकते आणि अंगठ्याचे नख काळे पडते.