खान्देशात बियांपासून काकडी: आधी वेळ साधा, मग बी टोका

नवख्या माणसासाठी काकडी चांगली. बी मोठं असतं, उगवण लवकर होते आणि पेरल्यापासून ४५ ते ५० दिवसांत पहिली काकडी तोडता येते. तरीही जळगाव-धुळ्याकडे अनेकांचे वेल हिरवेगार वाढून वांझ राहतात. यात बियाण्याचा दोष क्वचितच असतो, चुकलेला असतो तो महिना.

माती १५ अंशांपेक्षा थंड असेल तर बी उगवण्याआधीच कुजतं. उलट पारा ३८-४० च्या वर गेला की नर फुलंच जास्त येतात आणि परागकण निकामी होतात. आपल्याकडे जानेवारीच्या रात्री बोचऱ्या थंड आणि एप्रिलचं ऊन जाळणारं, म्हणून उन्हाळी काकडीला मधले मोजकेच दिवस मिळतात. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून १० फेब्रुवारीपर्यंत बी टोका. मार्च उजाडल्यावर पेरायचा मोह टाळा, कारण तो वेल फुलावर येईपर्यंत एप्रिल लागलेला असतो. पहिल्यांदाच लावत असाल तर पावसाळी हंगाम सोपा पडतो: चांगला पाऊस होऊन जमीन थंडावली की जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत.

वाण साधा घ्या. पूना खिरा, हिमांगी, फुले शुभांगी हे घरच्या बागेला पुरेसे आहेत. पॉलिहाउससाठीचं महाग संकरित बी सुरुवातीला नको.

माती आणि पेरणी

आपली काळी माती एकटीच कुंडीत भरू नका. ओली असताना ती चिकट होते, वाळली की भेगाळते आणि त्या भेगांत कोवळी मुळं तुटतात. चार भाग काळी माती, तीन भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग वाळू आणि प्रत्येक कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड, एवढं पुरे. एका वेलाला किमान १५ लिटरची पिशवी लागते, तळाला भोकं हवीतच. शेणखत अर्धकच्चं असेल तर त्याच्या उष्णतेने मुळं जळतात. हातात घेतल्यावर वास येत नसेल तरच ते वापरा.

बी ६ ते ८ तास कोमट पाण्यात भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळा आणि उबदार जागी ठेवा. दोन-तीन दिवसांत मोड येतो. पाकिटातलं बी गुलाबी किंवा निळ्या रंगाचं असेल तर त्यावर बुरशीनाशक आहे. ते भिजवू नका, तसंच पेरा आणि हात धुवा. दीड ते दोन सेंटिमीटर खोल, एका जागी दोन बिया. उबदार मातीत ४ ते ६ दिवसांत कोंब वर येतो, थंडीत दहा-बारा दिवसही लागतात. दोन्ही उगवले तर जोमदार रोप ठेवून दुसरं कात्रीने मातीलगत कापा. उपटलं तर शेजारच्याची मुळंही हलतात, आणि काकडीला मुळं हललेली मुळीच चालत नाहीत. म्हणूनच थेट पेरणी चांगली. कागदी कपात रोप केलंच तर दोन खरी पानं फुटताच मातीच्या गोळ्यासकट लावा.

रोप वीतभर झालं की तुराट्या किंवा बांबू रोवून सुतळी बांधा. आडवा पसरलेल्या वेलाची फळं मातीला टेकून सडतात.

पाणी

सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या. मार्चमध्ये १५ लिटरच्या पिशवीला रोज दीड-दोन लिटर पाणी लागतं, सकाळीच, बुडाशी, पानांवर नाही. एक दिवस कोरडं आणि दुसऱ्या दिवशी तुडुंब असं झालं की फळ कडू होतं. वेलाला ताण बसला की त्यातलं कडू द्रव्य वाढतं, आणि ते देठाकडे जास्त असतं. दादरच्या (रब्बी ज्वारीच्या) कडब्याची कुटी दोन-तीन इंच पसरा, ओल टिकते. गच्चीवर पिशव्या विटांवर ठेवा, नाहीतर तापलेला स्लॅब मुळं भाजतो. मार्चच्या मध्यापासून दुपारच्या उन्हाला ५० टक्क्यांची हिरवी जाळी लावा.

फुलं, फळं, तोडणी

सुरुवातीची फुलं गळतात. घाबरू नका, ती नर फुलं असतात. मादी फुलामागे बोटाच्या पेराएवढी छोटी काकडी दिसते. गच्चीवर मधमाश्या फिरकत नसतील तर सकाळी नऊच्या आत नर फूल तोडून त्याचा पुंकेसर मादी फुलाच्या मध्यभागी फिरवा. परागीकरण अर्धवट झालं की काकडी एका टोकाला बारीक आणि वाकडी होते. वेल नुसता पानांनी माजला असेल तर युरिया बंद करा. दर पंधरा दिवसांनी दोन मुठी गांडूळखत पुरतं. काकडी १५ ते १८ सेंटिमीटरची झाली की एक दिवसाआड तोडा. एखादी वेलावर पिवळी पडू दिली तर नवीन फळं धरणं मंदावतं.

कीड आणि केळी

उगवताच लाल भुंगे बीजपत्रं (पहिली दोन जाड पानं) कुरतडतात. पहाटे ते सुस्त असतात, तेव्हा हाताने वेचा. मावा आणि पांढऱ्या माशीसाठी संध्याकाळी लिटरभर पाण्यात ५ मिलि निंबोळी तेल आणि थोडा साबण मिसळून पानांच्या खालच्या बाजूने फवारा. फळमाशीला क्यू-ल्यूरचा (नर माश्यांना खेचणाऱ्या आमिषाचा) सापळा लावा आणि डंख लागलेली फळं वेचून नष्ट करा. भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) दिसली म्हणून भर उन्हाळ्यात गंधक मारू नका, काकडीची पानं करपतात.

रावेर, यावल, चोपड्याकडच्या वाचकांनी एक गोष्ट काटेकोर पाळावी. केळीवरचा हरण्या रोग ज्या विषाणूने होतो तो कुकुंबर मोझॅक व्हायरसच, आणि मावा तो एका पिकावरून दुसऱ्यावर नेतो. मृगबागेची (जून-जुलैत लावलेल्या केळीची) कोवळी रोपं शेजारी असताना बांधावर किंवा मधल्या सरीत काकडी, भोपळा, गिलकी लावू नका. काकडीची पानं हिरवी-पिवळी चट्टेदार होऊन आकसली तर औषध शोधत बसू नका, त्यावर औषध नाही. वेल त्याच दिवशी उपटून पिशवीत भरा आणि लांब नेऊन जाळा किंवा पुरा.