इंग्लंडमधला गरीब पूर्वज शोधताय? या चुका टाळा

माझं सासर इंग्लंडमधल्या नॉरफोकचं. नवऱ्याच्या मागच्या पाच-सहा पिढ्या दुसऱ्याच्या शेतावर राबल्या. सासूबाईंनी मोठ्या हौसेने १७०० पर्यंत पोचणारी वंशावळ तयार केली होती, फ्रेम करून जिन्यात टांगली होती. मी सहज म्हणून नॉर्विचच्या रेकॉर्ड ऑफिसात जाऊन पडताळायला बसले आणि तिसऱ्याच पायरीला अडखळले. ज्या विल्यमपासून पुढचा सगळा वंश निघाला होता, तो विल्यम पाच महिन्यांचा असताना वारला होता. बाप्तिस्म्याची नोंद खरी होती. दोन पानं उलटून दफनाची नोंद बघायची राहिली होती, एवढंच.

नाव जुळलं म्हणून माणूस जुळत नाही

खेड्यातल्या इंग्रजांकडे नावांचा साठा फार तोकडा. जॉन, विल्यम, थॉमस, मेरी, ॲन, एलिझाबेथ यांतच निम्मं गाव संपतं. त्यात आजोबांचं नाव नातवाला, म्हणजे तीन सख्खे भाऊ असतील तर एकाच नावा-आडनावाची तीन चुलत भावंडं जवळपास एकाच वेळी. आपल्याकडे मधलं नाव बापाचं असतं म्हणून असा गुंता सुटतो. तिथे ती सोय नाही.

त्यामुळे उमेदवार मिळाला की त्याला बाद करायच्या मागे लागायचं. आधी पुढच्या दहा-पंधरा वर्षांची दफनं वाचायची. १८१३ च्या आधी दफनाच्या नोंदीत वय बहुतेकदा नसतं, पण मूल असेल तर ‘अमक्याचा मुलगा’ असं लिहिलेलं सापडतं. त्याच आईबापांनी दोन वर्षांनी पुन्हा विल्यमचाच बाप्तिस्मा केला असेल, तर पहिला गेला असं जवळजवळ धरून चाला. गेलेल्या मुलाचं नाव पुढच्याला देणं सर्रास चालायचं. मग आजूबाजूच्या गावांत त्याच नावाची लग्नं तपासायची. एवढं करूनही दोघे उरले, तर दोघांनाही पेन्सिलीने लिहून ठेवा. जिन्यात टांगू नका.

फेब्रुवारी ऑक्टोबरनंतर येतो

१७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. समजा, नोंदवहीत लग्न ऑक्टोबर १७२३ चं आणि मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १७२३ चा आहे. आपल्या डोळ्यांना मूल लग्नाच्या आधी आठ महिने दिसतं आणि आपण ‘अनौरस’ असा शेरा मारून मोकळे होतो. खरं तर तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने १७२४ चा, लग्नानंतर चार महिन्यांनी आलेला. (म्हणजे नवरी बोहल्यावर चढली तेव्हा पाचवा महिना असावा. खेड्यापाड्यांत याचं कुणाला फारसं नवल नव्हतं.) अशा तारखा १७२३/२४ अशा दुहेरी लिहायची सवय लावून घ्या. आणि ३ ते १३ सप्टेंबर १७५२ या तारखा शोधूच नका. कॅलेंडर बदललं तेव्हा २ नंतर थेट १४ उजाडली.

एकाच चर्चला चिकटून बसणं

लग्नाच्या नोंदीत ‘याच पॅरिशचा’ (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला गाव-परिसर) असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ लग्नाच्या वेळी तो तिथे राहत होता, इतकाच. जन्म तिथला असेलच असं नाही. लग्नाआधी शेतगडी वर्षाच्या कराराने राहायचे, मायकेलमसला म्हणजे २९ सप्टेंबरच्या सुमारास मालक बदलायचा आणि माणूस आपलं गाठोडं उचलून पाच-सात मैलांवरच्या दुसऱ्या गावी जायचा. नॉरफोकमध्ये तर चर्चं इतकी दाटीने आहेत की एका घंटाघरावर चढलं तर चार दिसतात. नकाशावर दहा मैलांचं वर्तुळ काढा आणि त्यातली सगळी गावं घ्या.

सुरुवात कुठल्या गावापासून करायची ते १८५१ च्या जनगणनेत मिळतं, कारण तिच्यात जन्मगाव लिहिलेलं आहे. १८४१ च्या जनगणनेत फक्त त्याच काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) जन्म झाला का, हो किंवा नाही. शिवाय पंधरा वर्षांवरच्यांची वयं पाचाच्या पाढ्यात खाली ओढलेली, म्हणजे चौतीसचा माणूस तीसचा. त्या वयावरून जन्मसाल काढलंत तर चार वर्षांनी चुकाल.

फक्त चर्चच्या वह्या वाचणं

माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारी चूक ही. गरिबाकडे जमीन नाही, मृत्युपत्र नाही, थडग्यावर दगडही नाही, मग कागद कुठला, असं आपण गृहीत धरतो. पण त्याच्यावर पैसा खर्च व्हायचा, आणि ज्याच्यावर पैसा खर्च होतो त्याचा कागद होतोच.

१६०१ च्या कायद्याने गावातल्या गरिबांना पोसायची जबाबदारी पॅरिशवर आली. त्यासाठी घरपट्टीसारखी वर्गणी बसवली जायची आणि ती गोळा करून वाटणारा तो ‘ओव्हरसियर’. आपला बांधकाम खात्यातला नव्हे, हा गरिबांचा कारभारी. त्याच्या हिशेबवह्या उघडल्या की विधवा अमकीला आठवड्याचा एक शिलिंग, तिच्या मुलाला बुटांचा जोड, म्हाताऱ्याला सदरा आणि काही पानांनी त्याच म्हाताऱ्याची शवपेटी, असं आयुष्य ओळीओळीने उलगडत जातं. चर्चच्या वहीत त्या म्हाताऱ्याच्या वाट्याला एकच ओळ आलेली असते.

१६६२ च्या कायद्याने प्रत्येक गरिबाचं एक ‘हक्काचं गाव’, म्हणजे त्याला मदत द्यायला बांधील असलेलं गाव, ठरलं. परगावचा माणूस मदतीला हात पसरणार असं वाटलं की दोन मॅजिस्ट्रेटसमोर त्याची शपथेवर चौकशी व्हायची. जन्म कुठे, धंदा कुणाकडे शिकला, कुठल्या शेतकऱ्याकडे पूर्ण वर्ष काम केलं, पगार काय, लग्न कधी, मुलं किती. खाली सहीच्या जागी फुली. शेतमजुराचं आत्मचरित्र म्हणता येईल असा हा एकमेव कागद. त्यावरून त्याला सांभाळायचं की मूळ गावी हाकलायचं ते ठरे, आणि हाकलायचं ठरलं तर तो हुकूमही लिहिलेला मिळतो, बायकोच्या नावासकट आणि मुलांच्या वयांसकट.

अविवाहित गड्याने एका मालकाकडे सबंध वर्ष काढलं की त्याला त्या गावाचा हक्क मिळायचा. म्हणून काही शेतकरी एक्कावन्न आठवड्यांचाच करार करायचे. आपल्याकडे २४० दिवस भरू नयेत म्हणून कंत्राटी कामगाराला ‘ब्रेक’ देतात, तोच हा प्रकार. तुमचा पूर्वज दरवर्षी गाव बदलताना दिसला तर त्याचं कारण इथेही असू शकतं.

अनौरस मुलांचंही तसंच. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाची जागा कोरी असते आणि शोध तिथे थांबतो. पण ते मूल गावाच्या गळ्यात पडू नये म्हणून ओव्हरसियर आईकडून बापाचं नाव काढून घ्यायचे आणि त्याच्याकडून पोसण्याचं हमीपत्र लिहून घ्यायचे. चर्चने कोरं ठेवलेलं नाव असं हिशेबाच्या कागदात सापडतं.

हे कागद पूर्वी चर्चमधल्या कुलूपबंद पेटीत असायचे, आता बहुतेक काउंटी रेकॉर्ड ऑफिसांत आहेत. बरेचसे ऑनलाइन नाहीत, नावांची सूचीही नसते. म्हणून कॅटलॉगमध्ये पूर्वजाचं नाव न टाकता पॅरिशचं नाव टाकून ओव्हरसियरचे कागद मागवा आणि बसून वाचा. १८३४ नंतर मात्र कारभार अनेक पॅरिश मिळून केलेल्या ‘युनियन’कडे गेला. तिथून पुढे वर्कहाउसचं (गरिबांना ठेवून घेऊन काम करायला लावायची ती जागा) आणि युनियनचं दप्तर बघायचं.

सूची बघून समाधान मानणं

फॅमिलीसर्च आणि फ्रीरेज या नोंदींच्या सूची देणाऱ्या वेबसाइट फुकट आहेत, मी रोज वापरते. पण सूची करणाऱ्याने समासातला शेरा उतरवलेला असेलच असं नाही. १७८३ ते १७९४ या काळात प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर होता आणि कंगाल माणसांना माफी होती. मूळ पानावर नावापुढे नुसतं ‘पी’ अक्षर दिसलं, तर तो ‘पॉपर’, म्हणजे गावाने कंगाल मानलेला माणूस. या एका अक्षरावरून ओव्हरसियरच्या वह्यांकडे वळायचं की नाही ते ठरतं. कर वाचवायला काहींनी बाप्तिस्मे लांबणीवर टाकले, त्यामुळे १७९४ नंतर एकाच दिवशी चार भावंडांचे बाप्तिस्मे दिसले तर ती चौळी समजू नका.

स्पेलिंगवर तर अजिबात विसंबू नका. सांगणाऱ्याला लिहिता येत नव्हतं, लिहिणारा ऐकू आलं तसं लिहायचा. बऱ्याच बोलींत ‘ह’ गळतो, म्हणून हॅरिस कधी ॲरिसही होतो. ॲनला घरी नॅन्सी म्हणायचे आणि मेरीला पॉली, नोंदीत दोन्ही येतात. जुन्या लॅटिन नोंदींत जेम्सचा जेकोबस होतो. सतराव्या शतकाच्या आधीची अक्षरं बघून घाबरायला होतं, पण ज्यांनी मोडी शिकताना डोळे फोडलेत त्यांना सरावाने जमेल.

आणि वहीच नसेल, उंदरांनी खाल्ली असेल, भिजली असेल, तर? १५९८ पासून नोंदींची वार्षिक प्रत बिशपकडे पाठवायचा नियम होता. त्या प्रती मागवा. १६४० ते १६६० या यादवीच्या आसपासच्या काळात मात्र त्यांच्यातही खिंडारं आहेत. घराणं बाप्टिस्ट असेल तर मुलांचे बाप्तिस्मे मिळणारच नाहीत, त्यांच्यात ते मोठेपणी होत.

शेवटी, विशीतला मुलगा अचानक सगळ्या वह्यांतून नाहीसा झाला तर त्याला मेलेला धरू नका. मजुरी न परवडणारी कितीतरी पोरं कंपनीच्या किंवा राणीच्या फौजेत भरती होऊन आपल्याकडे आली. मुंबई इलाख्यातल्या चर्चांच्या नोंदींच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. आमच्या वंशावळीतला एक धाकटा भाऊ नॉरफोकमध्ये कुठेच मिळेना, तो त्या प्रतींत निघाला: पुण्यात दफन, वय सव्वीस, कारण कॉलरा. सासूबाईंना मी तो कागद दाखवला तेव्हा त्यांनी विचारलं, हे गाव तुझ्या माहेरापासून किती लांब? रिक्षाने वीस मिनिटं, मी म्हटलं.