या चुका टाळा : स्क्रिप्ट 'बॅकअप झाला' म्हणते, पण झाला का?

लातूर-जालन्याच्या मोंढ्यातल्या आडतीचा हिशेब संगणकावर असेल, तर रात्री क्रॉनवरून (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) बॅकअप घेणारी बॅश स्क्रिप्टही (ओळीने चालणाऱ्या कमांडची फाइल) बहुधा असतेच. तिच्या शेवटी 'बॅकअप झाला' असा ईको, म्हणजे मजकूर छापणारी कमांड. डंप (डेटाबेसची प्रत काढणं) फसला तरी तो छापतोच, कारण वरच्या कमांडचं काय झालं हे त्याला कुणी विचारायला सांगितलेलंच नसतं.

प्रत्येक कमांड संपताना 0 ते 255 मधला एक आकडा देते. 0 म्हणजे काम झालं. हा आकडा $? मध्ये मिळतो, पण लगेचच वाचला तर. मध्ये लॉगसाठी एक ईको टाकला की तिथे ईकोचा 0 येऊन बसतो. त्यापेक्षा कमांड थेट इफच्या (जर-तर) अटीत लिहा.

खरा घात पाइपमध्ये होतो, म्हणजे | चिन्हाने एका कमांडचं आउटपुट दुसरीला देताना. मायएसक्यूएलडंप (डेटाबेसची प्रत काढणारं) | जीझिप (ती दाबून लहान करणारं) लिहिलं की $? येतो जीझिपचा. डेटाबेसचा पासवर्ड बदलला, डंपमधून एक अक्षरही आलं नाही, तरी जीझिप ते रिकामंच दाबून 0 देतं. फाइल बनते, तारीखही आजची असते. आकार तेवढा 20 बाइट! यावर उपाय म्हणजे स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'सेट -ओ पाइपफेल'. मग पाइपमधली कुठलीही कमांड फसली तरी $? 0 येत नाही. नेमकं कोण फसलं ते पाइपस्टेटस या अ‍ॅरेत दिसतं. तोही लगेच वाचायचा. स्क्रिप्ट कशाने चालवायची हे सांगणाऱ्या पहिल्या ओळीत मात्र एसएच नको, बॅश लिहा. उबंटू लिनक्समध्ये एसएच म्हणजे डॅश हा बॅशहून वेगळा शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम), आणि जुन्या डॅशला पाइपफेल कळत नाही.

'सेट -ई' (कमांड फसताच स्क्रिप्ट थांबवणारी ओळ) टाकलं म्हणून निर्धास्त राहू नका. इफच्या अटीत किंवा && च्या डावीकडे कमांड फसली तर स्क्रिप्ट थांबत नाही. उलट ग्रेपला (मजकुरात शब्द शोधणारी कमांड) शब्द सापडला नाही तर ते 1 देतं आणि सगळं बंद पडतं. ग्रेपची खरी चूक 2 पासून पुढे. वाचता वाचता फाइल बदलली तर टारही (फाइली एकत्र बांधणारी कमांड) 1 देतं, म्हणून बॅकअप दुकान बंद झाल्यावरच घ्या. कर्ल (वेबवरून फाइल आणणारी कमांड) तर 404, म्हणजे 'पान सापडलं नाही', आला तरी 0 देतं. -एफ लावलं तरच 22.

क्रॉनमध्ये 127 आला तर कमांड सापडलेली नाही. तिथला पाथ (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) तोकडा असतो, कमांडचा पूर्ण पत्ता द्या. 137 म्हणजे 128 अधिक 9, प्रोसेस मारली गेली. बहुतेक वेळा मेमरी संपलेली असते.

बदल केल्यावर टेस्ट डेटाबेसचा पासवर्ड मुद्दाम चुकीचा देऊन स्क्रिप्ट चालवा. तरीही 'बॅकअप झाला' छापलं, तर पाइपची ओळ पुन्हा तपासा.