आडोसा पाहिजे का राखण? गावातल्या घराला कंपाऊंड टाकायच्या आधी

आमच्या घराला आधी पऱ्हाट्यांची (कापसाच्या काड्यांची) वई, म्हणजे कुंपण होतं, दरवर्षी कापूस उलंगला की नवीन पऱ्हाट्या, मध्ये बाभळीच्या काट्या, सुतळीने बांधायच्या आणि पुढच्या पावसाळ्यात वाळवीने खाल्लेल्या काढायच्या. कंटाळून मी चार वर्षांपूर्वी मागच्या बाजूने सहा फुटांची विटांची भिंत घातली, वाटलं एकदाचं काम झालं. दुसऱ्याच उन्हाळ्यात आम्ही सगळे लग्नाला गेलो आणि कोणीतरी मागून चढून कोठीचं कुलूप तोडून चन्याची दोन पोती नेली. शेजारच्या काकूंना विचारलं तर म्हणे, "मले काय दिसते रे बाबू भितीच्या मांगचं?" खरंच आहे, वई होती तेव्हा आमच्या अंगणात कोणाची बकरी शिरली तरी याच काकू पहिली आरोळी द्यायच्या.

तर मुद्दा असा की आडोसा आणि राखण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बरेचदा एकमेकींच्या उलट जातात. जी भिंत तुम्हाला रस्त्यावरच्या नजरेपासून झाकते तीच आत उतरलेल्या चोरालाही झाकते. शहरात कॅमेरा असेल, वॉचमन असेल, गावात राखण म्हणजे शेजाऱ्याचे डोळे आणि कुत्रं. म्हणून "कोणतं कंपाऊंड चांगलं" असं विचारूच नका, घराच्या चारही बाजूंनी एकदा फिरा आणि प्रत्येक बाजूला इथे नेमकं काय पाहिजे ते ठरवा. चारही बाजूंना एकच माल लावायची काहीच गरज नाही.

आमच्याकडे न्हाणी आणि संडास मागच्या कोपऱ्यात, कपडे वाळत घालायची दोरीही तिकडेच, तिथे आडोसा पाहिजेच. पण तो 20-25 फुटांचा, पूर्ण 60 फुटांचा नाही, हे मला भिंत घालून झाल्यावर कळलं. समोर आणि गोठ्याच्या बाजूला आरपार दिसणारी जाळी पाहिजे म्हणजे आपल्याला रस्ता दिसतो आणि रस्त्यावरच्या माणसाला आपलं दार.

आता आडोशाची उंची. आपल्या अंगणात उभं राहून उंची मोजू नका, रस्त्यावर उभं राहून मोजा. गावातला सिमेंटचा रस्ता दर काही वर्षांनी जुन्यावरच नवीन थर देऊन वर येतो, आमचं अंगण आता रस्त्यापेक्षा दीड फूट खाली आहे, म्हणजे आतून सहा फूट वाटणारी भिंत बाहेरून साडेचारच भरते आणि जाणारा माणूस आरामात मान वळवून बघतो. सोपी युक्ती सांगतो, दोन बल्ल्या रोवा, दोरी बांधा, त्यावर आईचं जुनं लुगडं टाका आणि घरातल्या कोणालातरी रस्त्यावर पाठवून बघायला सांगा काय दिसते, मग दोरी वर-खाली करा. एकदा दिवसा बघा आणि एकदा रात्री आतला लाईट लावून, कारण हिरवी नेट दिवसा झाकते पण रात्री आत बल्ब पेटला की बाहेरून सगळं दिसते.

हिरवी नेट घ्यायची तर सावलीचा टक्का विचारून घ्या, 50 टक्क्यांची रोपांना सावली द्यायला ठीक आहे पण आडोशाला 75 किंवा 90 ची लागते. आपल्याकडच्या 45 डिग्रीच्या उन्हात स्वस्तातली नेट दोन-तीन उन्हाळ्यात भुगा होते. माझ्या मते अजूनही सगळ्यात चांगला आडोसा बांबूच्या तट्ट्यांचा, बुरडाकडून विणून घ्या, खालून चार बोटं जमिनीपासून वर ठेवा नाहीतर वाळवी चढते. हवा खेळती राहते आणि तुटला तर तेवढाच तट्टा बदलायचा. पत्रे मात्र विचार करून लावा. भिंत घालायच्या आधी मी न्हाणीजवळ लाकडी बल्ल्यांना पत्रे ठोकले होते, मे महिन्यातल्या एका संध्याकाळच्या वादळात तीन पत्रे बल्ल्यांसकट उपटून मागच्या वावरात जाऊन पडले, नशीब तिथे कोणी नव्हतं. पत्र्यातून वारा जात नाही, सगळा जोर खांबावर येतो, लावायचेच असतील तर लोखंडी खांब काँक्रिटमध्ये रोवून, आणि खिळे नाही, नटबोल्ट.

जिवंत कुंपण करायचं तर मेंदी लावा, बकरी फारशी खात नाही, कापली की दाट होते, पण पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावं लागते. काट्याचं पाहिजे तर सागरगोटी किंवा करवंद. फक्त बुडाशी पालापाचोळा साचू देऊ नका, तिथे उंदीर येतात आणि उंदरामागे साप.

राखणीसाठी जाळी, म्हणजे चेनलिंक. इथे दुकानदार सगळ्यात जास्त फसवतो तो गेजमध्ये. गेजचा आकडा जेवढा मोठा तेवढी तार बारीक, 8 गेज म्हणजे साधारण 4 मिलिमीटर, 10 गेज सव्वातीन, 12 गेज अडीचच्या जरा वर. घराला 10 गेजपेक्षा जाड, म्हणजे 10 पेक्षा लहान आकड्याची तार मिळाली तर उत्तम, 12 ची जाळी पकडीने कोणीही कापतो. भोकं दोन इंचाची घ्या, तीन-चार इंचाची स्वस्त पडते पण त्यात पाय अडकवून पोरंही चढतात. बंडल घेताना वजन करून घ्या, वजनावरून तार बारीक आहे का ते लगेच कळते.

हिशोब असा धरा, 40 बाय 60 चा प्लॉट म्हणजे 200 फूट घेरा, दर 8 फुटांवर खांब म्हटलं तर 25 खांब, शिवाय चार कोपऱ्यांना दोन-दोन टेकू म्हणजे आणखी 8. टेकू वाचवू नका, जाळी ताणली की कोपऱ्याचा खांबच आत झुकतो आणि मग सगळी जाळी पोट काढते. सात फुटांचा खांब असेल तर दोन फूट जमिनीत. जाळीच्या अगदी खाली जमिनीला लागून काटेरी तारेची एक ओळ ओढा, कारण रानडुक्कर वरून येतच नाही, थुंतरीने खालून उचलते. माकडांसाठी काहीच उपाय नाही, ते कंपाऊंडवर बसूनच तुमच्या पेरूचा विचार करतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी, सिंदेवाहीकडच्या लोकांनी हेही ध्यानात ठेवा की बिबट्याला पाच-सहा फूट म्हणजे काहीच नाही, तिथे घराभोवतीच्या कंपाऊंडपेक्षा बकऱ्यांच्या कोठ्याला वरूनही जाळी मारणं जास्त कामाचं.

आणि कुंपणात करंट सोडायचा विचार कोणाच्या डोक्यात असेल तर आताच काढून टाका. शेतातली झटका मशीन वेगळी, ती बॅटरीवर चालते आणि साधारण सेकंदाला एकदा क्षणभराचा झटका देते. घरातली लाईन सरळ तारेला जोडली तर माणूस चिकटून मरतो, आणि बहुतेक वेळा तो चोर नसतो, घरचाच नाहीतर शेजारचा असतो. वर गुन्हा दाखल होतो तो वेगळा. घराच्या कंपाऊंडला तर झटकाही नको, पोरं-सोरं असतात.

पक्की भिंत घालायची असेल तर आधी मातीबद्दल बोलू, कारण माझी भिंत तिथेच फसली. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगा पडून आकसते, वरची भिंत दरवर्षी थोडी उचलली जाते थोडी खचते. ज्या ठेकेदाराने माझी भिंत बांधली त्याने दीड फूट खोदून पाया भरला, मुरूम लागलाच नव्हता, मीही विचारलं नाही. आज न्हाणीजवळ वरून खालपर्यंत तिरपी भेग आहे, दोन बोटं आरामात जातात आणि त्यात मुंगळ्यांनी घर केलंय. मुरूम लागेपर्यंत खोदा, काळी खोलवर असेल तर कॉलम खाली मुरुमापर्यंत नेऊन वर बीम टाका आणि बीमवर भिंत. लांब भिंत सलग नको, 15-20 फुटांवर फट सोडा. खाली पाणी जायला भोकं ठेवा नाहीतर पावसाळ्यात अंगणाचा तलाव होतो. बजेट कमी असेल तर खाचेचे खांब आणि त्यात सरकवायच्या सिमेंटच्या पाट्या, ते रेडीमेड कंपाऊंड बरं, जमीन हलली तर पाट्या थोड्या हलतात पण फुटत नाहीत.

खोदायच्या आधी शेजाऱ्याला बोलवा, दोघांसमोर चुना टाका. तुमच्या गावाची ड्रोनने मोजणी होऊन प्रॉपर्टी कार्ड मिळालं असेल तर ते काढा, नसेल तर ग्रामपंचायतीचा नमुना 8 आणि जुनी खूण, आणि वाद असेल तर आधी सरकारी मोजणी. आमच्याकडे भांडणं चोरावरून कमी, पाघोळीचं पाणी कोणाच्या अंगणात पडते यावरूनच जास्त होतात.

गेट हा शेवटचा पण लोक विसरतात तो भाग. ट्रॅक्टर ट्रॉली आत घ्यायची असेल तर 12 फूट ठेवा, नुसती मोटारसायकल आणि बैलबंडी असेल तर 10 पुरते. गेटच्या बाजूलाच जाळी असेल तर बाहेरून हात घालून कडी काढता येते, माझा पुतण्या आठ वर्षांचा आहे त्याने मला करून दाखवलं. कडीमागे फूटभर पत्र्याचा तुकडा वेल्डिंग करून घ्या.

कामाची वेळ म्हणाल तर खड्डे दिवाळीनंतर खोदायला सोपे, माती ओलसर असते, मे महिन्यात तीच माती सब्बल परत फेकते. पण दिवाळीनंतर कापूस वेचणी सुरू असते, मजूर मिळत नाही, मिळाला तर अर्ध्या दिवसात वेचायला पळतो. मी यावेळी जाळीचे खड्डे घरच्या घरीच खोदतोय, 11 झाले, बाकी 14 संक्रांतीपर्यंत बघू.