एक फाइल, तीन सभा: पॉवरपॉइंटमधले कस्टम शो आणि स्लाइडवर चालणारं पेन

उसाच्या ठिबक सिंचनावर ४० स्लाइडचं सादरीकरण तयार आहे. शेतकरी मेळाव्यात अर्धा तास मिळणार, बँकेला फक्त खर्च आणि परतफेड बघायची आहे, कृषी सहायकांना मात्र फिल्टरपासून व्हेंचुरीपर्यंत (पाण्यात खत मिसळणारं उपकरण) सगळं हवंय. अशा वेळी बरेच जण फाइलच्या तीन प्रती करतात आणि इथंच घोळ सुरू होतो. लॅटरलचा (ठिबकच्या नळीचा) दर बदलला की एका प्रतीत सुधारतो, दुसरीत जुनाच राहतो. फाइल एकच ठेवा आणि तिच्यातून तीन कस्टम शो, म्हणजे निवडक स्लाइडच्या तीन याद्या, काढा.

'स्लाइड शो' टॅबवर 'कस्टम स्लाइड शो', त्यात 'कस्टम शोज', मग 'न्यू'. नाव 'मेळावा', 'बँक' असं ओळखू येईल असं द्या. डावीकडच्या यादीत हव्या त्या स्लाइडवर खूण करून 'अ‍ॅड' दाबा, उजवीकडे बाणांनी क्रम लावा. यादीत स्लाइडची शीर्षकंच दिसतात. शीर्षकाच्या चौकटीऐवजी साध्या टेक्स्ट बॉक्समध्ये मथळा लिहिला असेल, तर तिथं नुसतं 'स्लाइड १४' दिसतं आणि शोधाशोध होते; आधी शीर्षकं नीट करून घ्या. कस्टम शोमध्ये स्लाइडची नक्कल होत नाही, फक्त यादी बनते. म्हणून मूळ स्लाइडवर दर बदलला की तो सगळीकडे बदलतो.

आता फसण्याच्या जागा. एफ५ दाबलं की एरवी पूर्ण फाइल सुरू होते, तुमचा शो नाही. शो सुरू करायला पुन्हा 'कस्टम स्लाइड शो'मध्ये जाऊन नावावर क्लिक करा, किंवा 'सेट अप स्लाइड शो'मध्ये तो निवडून ठेवा. निवडून ठेवलात तर काम झाल्यावर 'ऑल' करायला विसरू नका, नाहीतर पुढच्या माणसाला ४० पैकी १२च स्लाइड दिसतील. कोपऱ्यातला स्लाइड क्रमांकही मूळ फाइलचाच राहतो: ३ नंतर थेट १७. ऐकणाऱ्यांना काहीतरी लपवल्यासारखं वाटतं, त्यामुळे अशा फाइलमध्ये क्रमांक न दाखवलेलाच बरा.

एखादी स्लाइड 'कुणी विचारलं तरच' दाखवायची असेल, तर डावीकडच्या पट्टीत तिच्यावर राइट क्लिक करून 'हाइड स्लाइड' करा. पूर्ण फाइल चालू असताना तिचा क्रमांक टाइप करून एंटर दाबलं की ती उघडते. अनुदानाच्या अटींचा तक्ता असा ठेवायला उत्तम.

शो चालू असताना कंट्रोल + पी दाबलं की पेन, कंट्रोल + आय ने हायलायटर, कंट्रोल + ए ने पुन्हा बाण. नुसतं ई दाबलं की त्या स्लाइडवरचं सगळं लिखाण पुसतं. पेन हातात असताना क्लिकने स्लाइड पुढं सरकत नाही, तिथं ठिपका उमटतो. गोंधळून पुन्हा पुन्हा क्लिक केलं की स्लाइडभर ठिपके होतात. पुढं जायला स्पेसबार किंवा पेज डाउन वापरा. माउसने अक्षरं वेडीवाकडी येतात, म्हणून लिहू नका. आकड्याभोवती गोल, वाल्व्हकडे बाण, एवढंच पुरे. शेताचा आराखडा काढून दाखवायचाच असेल, तर त्या जागी एक कोरी स्लाइड आधीच घालून ठेवा.

शो संपताना लिखाण ठेवायचं का, असं विचारलं जातं. 'कीप' केलं की त्या रेघा स्लाइडवरच्या वस्तू होतात, आणि त्याच स्लाइड बँकेच्या शोमध्ये असतील तर तिथंही उमटतात. मेळाव्यातली चर्चा जपायची असेल, तर 'कीप' करून 'सेव्ह अ‍ॅज'ने वेगळ्या नावाने, तारखेसह जतन करा आणि मूळ फाइल सेव्ह न करता तशीच राहू द्या. प्रत करण्याचं हे एक रास्त कारण. चुकून रेघा मूळ फाइलमध्ये राहिल्याच, तर ऑल्ट + एफ१० ने 'सिलेक्शन पेन' (स्लाइडवरच्या वस्तूंची यादी दाखवणारी पट्टी) उघडा. तिथं 'इंक' नावाने दिसतील, निवडून डिलीट करा.

बोलण्याची टिपणं स्लाइडखालच्या 'नोट्स'मध्ये लिहा. प्रोजेक्टर जोडल्यावर विंडोज + पी दाबून 'एक्स्टेंड' निवडा, म्हणजे टिपणं प्रेझेंटर व्ह्यूमध्ये फक्त तुमच्या पडद्यावर राहतील. फाइल बाहेर पाठवताना मात्र ती टिपणंही सोबत जातात. आधी एक प्रत करा, तिच्यावर 'फाइल', 'इन्फो', 'चेक फॉर इश्यूज', 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट' चालवून नोट्स काढा आणि तीच पाठवा.