पावसाचा तक्ता हिशेबाला बसवण्याआधी

ठाणे आणि बेलापूरचा पाऊस पाणी तुंबल्याच्या तक्रारींशी ताडून पाहायचा असेल, तर आधी तक्ता नीट करा, आलेख मग. मूळ फाइलची प्रत काढून प्रतीवरच काम करायचं, हे माहीत असेलच.

सगळ्यात आधी रिकामा सेल आणि शून्य वेगळे करा. मागच्या वेळी हेच राहिलं आणि सगळं पुन्हा करावं लागलं. शून्य म्हणजे पर्जन्यमापक पाहिला, पाऊस नव्हता. रिकामा म्हणजे कुणी पाहिलंच नाही, किंवा यंत्र बंद होतं. चार दिवसांचे आकडे ८०, ०, ४० आणि एक रिकामा असे असले, तर सरासरी ४० मिमी येते; रिकाम्याला शून्य धरलंत की ३०. एक्सेलची सरासरी रिकामे सेल सोडून देते, पण व्ही-लुकअपने (दुसऱ्या तक्त्यातून जुळणारा आकडा आणणारं सूत्र) तोच सेल दुसऱ्या शीटवर आणला की तिथे ० उमटतो. कुणी टाइप न करता! म्हणून शेजारी ‘नोंद आहे की नाही’ असा वेगळा कॉलम आत्ताच करून ठेवा. रिकाम्या जागी ९९९ भरू नका, तो कधीतरी बेरजेत जातोच.

मग मर्ज केलेले (एकत्र जोडलेले) सेल सोडवा, पाऊस मोजणाऱ्या केंद्राचं नाव प्रत्येक ओळीत भरा. महिने आडवे आणि तारखा उभ्या असतील, तर तक्ता उभा करून घ्या: एका ओळीत एक केंद्र, एक तारीख, एक आकडा. त्यासाठी पांडासमध्ये (पायथनची तक्त्यांसाठीची लायब्ररी) मेल्ट, आर या संख्याशास्त्राच्या भाषेत पिव्हट-लाँगर. इथे सापळा आहे. ३१ गुणिले १२ म्हणजे ३७२ सेल, त्यातले ७ (लीप वर्षात ६) ३० फेब्रुवारी, ३१ जून असल्या नसलेल्या तारखांचे. तेवढेच काढा. ‘सगळे रिकामे गाळा’ हा पर्याय निवडलात, तर खरोखर नोंद नसलेले दिवसही गेले.

तारखांचं बघा. हवामान विभागाचा दिवस सकाळी ८:३० ला संपतो. २६ जुलै २००५ चा सांताक्रूझचा ९४४ मिमी पाऊस २७ तारखेच्या सकाळी ८:३० पर्यंतच्या २४ तासांचा आहे, म्हणजे नोंद २७ च्या नावावर. तक्रार मात्र २६ च्या दुपारची असते. ८:३० नंतरच्या तक्रारी पुढच्या तारखेच्या पावसाला जोडा, नाहीतर सगळा संबंध एक दिवसाने सरकतो.

जागांची नावं एकसारखी करा. ठाण्यातले ‘वंदना डेपो’ आणि ‘वंदना टॉकीज’ एकच परिसर धरायचा का, ते ठरवून लिहून ठेवा. नावाअखेरच्या मोकळ्या जागा काढा. पावसाचा आणि तक्रारींचा तक्ता जोडण्याआधी आणि नंतर ओळी मोजा. फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करा, म्हणजे देवनागरी अक्षरं बिघडत नाहीत.

मासिक बेरीज काढताना पुन्हा तेच: अख्खा महिना रिकामा असला तरी पांडास बेरीज ० देतं. मिन-काउंट (बेरजेसाठी निदान किती नोंदी हव्यात ती अट) १ ठेवा. प्रत्येक केंद्राचे रिकामे दिवस मूळ फाइलशी जुळवा. जुळत नसतील तर पुढे जाऊ नका.